तोंडी ठरलेली पोटगी आणि मुलाची थकबाकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"कोर्टानं सहा हजार सांगितले होते, पण आमचं आपसात साडेतीनवर ठरलं." कोल्हापुरात वकिली करताना हे वाक्य मी सतत ऐकते. कधी आई सांगते, कधी वडील. बहुतेक वेळा ठरवताना दोघांचीही नियत चांगली असते: काम सुटलेलं असतं, २०१९ च्या किंवा २०२१ च्या पुरात घर, दुकान गेलेलं असतं, कोर्टाच्या तारखांना दोघंही कंटाळलेले असतात. मग दोन-तीन वर्षांनी काहीतरी बिनसतं आणि हिशेब निघतो. त्या हिशेबात आई आणि वडील दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात आणि मूल मधल्या मध्ये अडकतं. म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं दोन्ही बाजूंसाठी आहेत.

कोर्टाची रक्कम आम्ही दोघांनी तोंडी कमी केली. आता थकबाकी कोणत्या रकमेवर मोजायची?

कोर्टाच्या. न्यायालयाचा आदेश न्यायालयच बदलतं. आईवडिलांनी फोनवर, मामाच्या घरी किंवा शाळेच्या फाटकापाशी उभं राहून काही ठरवलं, तरी आदेशातला आकडा तोच राहतो आणि दर महिन्याचा फरक साचत जातो. सहा हजारांच्या जागी साडेतीन देत असाल तर दर महिन्याला अडीच हजार थकतात. ती थकबाकी आहे हे दोघांच्याही ध्यानीमनी नसतं, इतकंच.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे राग येणार नाही. मुलाची पोटगी आईला मिळते ती मुलासाठी. तिच्या हातात येते म्हणून ती तिची होत नाही. त्यामुळे "तिनं सोडली" या शब्दांना कोर्टात फारसं वजन मिळत नाही.

पण तिनं "चालेल" असा मेसेज केलाय. माझ्याकडे व्हॉट्सॲप आहे.

उपयोग आहे, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही.

तुमचा आदेश दिवाणी हुकूमनामा असेल, म्हणजे समजा घटस्फोटाच्या निकालातच मुलाची रक्कम लिहिलेली असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१, नियम २ लागू होतो. कोर्टाबाहेर काही दिलं-घेतलं किंवा तडजोड केली, तर ती कोर्टात नोंदवून घ्यावी लागते. नोंद नसलेली तडजोड वसुलीच्या वेळी कोर्ट विचारात घेत नाही. आणि पैसे देणाऱ्याला ही नोंद मागायला मुदत कायद्यानं किती दिवस दिलेत? तीस. पैसे दिल्यापासून किंवा तडजोड झाल्यापासून तीस दिवस. तीन वर्षांपूर्वीचा "चालेल" घेऊन लोक येतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण त्या महिन्यातच एक पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) दिली असती तर काम झालं असतं.

दंडाधिकाऱ्यासमोरच्या किंवा कौटुंबिक न्यायालयातल्या पोटगीच्या आदेशात (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) वातावरण थोडं वेगळं असतं. तिथं मेसेजवरून तुमची वागणूक दिसते आणि हप्ते बांधून मागताना ती कामाला येते. पण आदेशातली रक्कम त्या मेसेजनं खाली येत नाही. मेसेज दाखवायचे असतील तर मूळ फोन जपा आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र वकिलाकडून तयार करून घ्या. नुसत्या स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका.

आणि ताई, तुमच्यासाठी: पैसे मिळाले असतील तर मिळाले म्हणून सांगा. मिळालेले पैसे नाकारून केलेला अर्ज उलटतो. पुढच्या खऱ्या थकबाकीवरचाही कोर्टाचा विश्वास त्यानं उडतो.

मी दर महिन्याला रोख दिले, कधी तिच्या भावाच्या हातात दिले. सिद्ध कसं करू?

शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारा एक बाप माझ्याकडे पासबुक घेऊन आला होता. दर महिन्याच्या सात तारखेला एटीएममधून चार हजार काढलेले, ओळीनं अठरा नोंदी, प्रत्येकीवर पेनानं केलेली टिक. त्याच्या दृष्टीनं हाच पुरावा. मला त्याला सांगावं लागलं की दादा, यावरून तुम्ही पैसे काढले एवढंच दिसतं, दिले हे दिसत नाही. त्याचा चेहरा पडला. मला त्याचं खोटं वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही.

समोरच्या बाजूची आई भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं घेऊन आली होती. दुधाच्या हिशेबाशेजारी त्याच चौकोनात बारीक अक्षरात लिहिलेलं: "२००० आले, दादाकडे दिले", "नाही", "नाही", "१५०० + वह्या". दोघांची कागदं एकमेकांशेजारी ठेवली तेव्हा अठरापैकी अकरा महिने जुळले. त्या अकरांवर वाद उरला नाही, सातवर बोलणं झालं. रोज लिहिलेली वही स्वतःहून निर्णायक ठरत नाही, पण ती खरी असली की समोरच्याला मान्य करावी लागते. ज्या भावाच्या हातात पैसे दिले तो साक्षीला आला तर उत्तम. बहुतेकदा येत नाही.

यापुढे रोख देणं बंद. बँकेत किंवा यूपीआयनं पाठवा आणि शेऱ्यात महिना लिहा: "ऑगस्ट पोटगी". एवढे दोन शब्द पुढची दोन वर्षं वाचवतात.

मी शाळेची फी भरली, दवाखान्याचं बिल भरलं, सायकल घेतली. ते वजा होणार नाही का?

आपोआप नाही. आदेशात "दरमहा इतके रुपये आईकडे" असं लिहिलं असेल तर फी हा त्यातला हप्ता धरला जात नाही. फी आणि दवाखान्याबद्दल पावत्या दाखवून विनंती करता येते, आणि समोरून मान्यता आली तर वजावट होतेही. सायकल, वाढदिवसाचा ड्रेस, जोतिबाच्या जत्रेत दिलेले पैसे हे मागू नका. बापानं मुलाला दिलेलं ते. ते हिशेबात आणलं की मुलाच्याही लक्षात राहतं.

किती जुनी थकबाकी मागता येते? एक वर्षाचीच मिळते असं ऐकलंय.

हे अर्धवट ऐकलेलं आहे आणि त्यामुळे पुष्कळ आयांचं नुकसान होतं.

कलम १४४ च्या आदेशावर वसुली अर्ज करून वॉरंट (वसुलीचा हुकूम) मागायचं असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज हवा. एक उदाहरण घ्या. सहा हजार दर महिन्याच्या पाच तारखेला द्यायचे होते, मे २०२२ ते एप्रिल २०२५ अशी छत्तीस महिने साडेतीनच आले. तूट ९०,००० रुपये. १० एप्रिल २०२५ ला वसुली अर्ज केला तर वॉरंटच्या वाटेनं मे २०२४ पासूनचे बारा हप्ते येतात, म्हणजे ३०,०००.

उरलेले ६०,००० बुडाले का? नाही. एक वर्षाची अट वॉरंटच्या वाटेला आहे, हक्काला नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात असंही सांगितलंय की पोटगीचा आदेश दिवाणी कोर्टाच्या पैशाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. घटस्फोटाच्या निकालातलीच रक्कम असेल तर दरखास्त (हुकूमनामा बजावण्याचा अर्ज) दाखल करायला प्रत्येक हप्ता थकल्यापासून बारा वर्षं मिळतात. म्हणून पहिल्या भेटीत मी आधी एकच गोष्ट बघते: आदेश कोणत्या कायद्याखाली झालाय. नक्कल घेऊन या. वरचा मथळा आणि शेवटचं पान यातून निम्मी उत्तरं मिळतात.

पण बारा वर्षं आहेत म्हणून थांबू नका. साठलेली रक्कम जितकी मोठी, तितकी ती हातात येण्याची शक्यता कमी. अर्ज चालू असताना थकणारे हप्तेही त्याच अर्जात जोडून मागा.

आमचा कोर्टाचा आदेशच नाही. स्टँपपेपरवर लिहून नोटरी केलंय. काही ठिकाणी पंचांसमोर ठरलंय.

मग तुमच्याकडे वसूल करण्याजोगा आदेश नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे सही कोणी केली याची नोंद. त्यानं कागदाचा हुकूमनामा होत नाही. या कागदावर वॉरंट निघत नाही, फार तर करार म्हणून दिवाणी दावा करता येतो आणि त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते.

तुम्ही आजच नवीन पोटगी अर्ज करा. रजनेश निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असते, म्हणून प्रत्येक महिन्याचा उशीर हा खरोखर गेलेला महिना आहे. नोटरीचा कागद फेकू नका. वडिलांनी त्यात मान्य केलेली रक्कम त्यांच्या ऐपतीचा पुरावा म्हणून दाखवता येते.

आणखी एक. नुसत्या नोटरीच्या कागदानं हिंदू विवाह मोडत नाही. "सोडचिठ्ठी झाली" म्हणणाऱ्या कित्येकांचा घटस्फोट कायद्यानं झालेलाच नसतो. मुलाच्या पोटगीला मात्र याची अडचण नाही, ती दोन्ही परिस्थितीत मागता येते.

वसुली नेमकी कशातून होते? तो म्हणतो, "ऊस बिल आलं की टाकतो."

आपल्याकडे हे वाक्य खोटं असतंच असं नाही. ऊसवाल्याचं उत्पन्न हंगामाचं, दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांचं, यंत्रमागावर आठवड्याचा पगार. पण कोर्टाची वसुलीही यातल्या बहुतेकांपर्यंत पोचते.

नोकरदाराचा पगार जप्त करता येतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश भाग सुरक्षित राहतो, बाकीच्यावर जप्ती येऊ शकते. मालकाला कोर्टाचा आदेश जातो आणि तो परस्पर कापून भरतो. कारखान्याकडून किंवा दूध संस्थेकडून येणं असलेलं बिल हे त्याचं येणं आहे, त्यावरही मनाई आदेश घेऊन जप्ती आणता येते. त्यासाठी संस्थेचं नाव, सभासद क्रमांक, गट नंबर, सातबारा यातलं जमेल तेवढं तुम्ही आणायचं. कोर्ट शोधायला जात नाही. शेतकऱ्याची अवजारं, कामाची जनावरं, मजुराची मजुरी यांना दिवाणी जप्तीत संरक्षण आहे, हेही माहीत असू द्या.

वॉरंटच्या वाटेनं रक्कम दंडासारखी वसूल होते. कोर्ट जिल्हाधिकाऱ्यांना ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायला सांगू शकतं. जमीन सामाईक असेल तर त्याच्या हिश्श्यापुरतीच.

तो पुण्याला किंवा चाकणला कामाला असेल तर? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४७ नुसार तो जिथं असेल तिथल्या दंडाधिकाऱ्याकडूनही आदेशाची अंमलबजावणी होते. या आदेशाची एक प्रत तुम्हाला मोफत मिळण्याचा हक्कही त्याच कलमात आहे.

पैसे नाही दिले तर तुरुंग होतो का? आणि तुरुंगात गेला की रक्कम फिटते?

पुरेसं कारण नसताना थकवलं तर वॉरंट बजावूनही न फिटलेल्या प्रत्येक महिन्याच्या हप्त्यासाठी एक महिन्यापर्यंत किंवा पैसे भरेपर्यंत कैद होऊ शकते. रक्कम फिटत नाही. तुरुंग हा वसुलीसाठीचा दबाव आहे, पैसे दिल्याशिवाय देणं संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलं आहे.

माझं मत विचाराल तर तुरुंग शेवटी मागा. आत गेलेल्या माणसाची हजेरी बुडते, काम जातं आणि पुढचा हप्ताही थांबतो. मात्र ज्याच्याकडे आहे आणि जो मुद्दाम देत नाही, त्याच्याबाबत मी मागे हटत नाही.

खरंच परवडत नाही. काम गेलंय. काय करू?

ज्या दिवशी परिस्थिती बदलली त्याच महिन्यात रक्कम बदलून मागण्याचा अर्ज करा. त्याच संहितेचं कलम १४६ त्यासाठीच आहे, आणि घटस्फोटाच्या निकालातली मुलाची रक्कम हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली बदलून मागता येते. अर्जासोबत मिळकत आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. ते खरं द्या. बँकेचे उतारे नंतर बाहेर येतातच.

अर्ज न करता हप्ता कमी केलात तर जुनी थकबाकी तशीच उभी राहते. मागच्या तारखेनं ती पुसली जाईल या भरवशावर राहू नका. आणि निकाल येईपर्यंत जमेल तेवढं देत राहा. पूर्ण बंद केलेला आणि अर्धं देत राहिलेला, या दोघांकडे कोर्ट सारख्या नजरेनं बघत नाही.

ती मुलाला भेटू देत नाही. मग मी पैसे का द्यावेत?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भेटीचा आदेश मोडला जात असेल तर त्याच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र अर्ज करा. पैसे थांबवलेत तर तोच तुमच्या भेटीच्या अर्जातला सगळ्यात कच्चा दुवा होतो.

हेच उलट बाजूनंही. पोटगी थकली म्हणून रविवारी मुलाला पाठवायचं नाही, असं करू नका. मुलाला वाटतं आपल्यामुळे दार बंद झालं.

एकरकमी पैसे घेऊन "मुलाची पोटगी यापुढे मागणार नाही" असं मी लिहून दिलंय. आता संपलं का?

पोटगीचा कायदेशीर हक्क कायमचा सोडून देणारा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध मानला जातो, आणि इथं तर हक्क मुलाचा आहे. तो आईनं सोडला म्हणून संपत नाही. मूल स्वतः पक्षकार असलेल्या दाव्यात पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय तडजोडही करता येत नाही. मिळालेली एकरकमी रक्कम मात्र कोर्ट विचारात घेईल, ती कुठं खर्च झाली हे सांगायची तयारी ठेवा. ती मुलाच्या नावे मुदत ठेवीत असेल तर तुमची बाजू स्वच्छ आहे.

मूल १८ वर्षांचं झालं, आईनं दुसरं लग्न केलं, किंवा वडील वारले तर?

कलम १४४ खाली मुलाची पोटगी सज्ञान होईपर्यंत. अपंगत्वामुळे किंवा दुखापतीमुळे स्वतःचं भागवता येत नसेल तर त्यानंतरही. अठरावा वाढदिवस झाला म्हणून तोपर्यंतची थकबाकी जात नाही. अविवाहित मुलीला स्वतःचं भागवता येत नसेल तर हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६, कलम २० खाली ती त्यापुढेही मागू शकते. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हे पुन्हा सांगितलं आहे, मात्र त्यासाठी त्या कायद्याखाली वेगळी मागणी करावी लागते.

आईच्या दुसऱ्या लग्नानं तिच्या स्वतःच्या पोटगीवर परिणाम होतो, मुलाच्या नाही. वडील वारले तर साचलेली थकबाकी त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून मागता येते. शिवाय हिंदू कुटुंबात मूल स्वतःच वारस असतं, म्हणून सातबाऱ्यावर त्याची वारसनोंद झाली का ते गावच्या तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) ताबडतोब बघा.

आम्ही मुस्लिम आहोत. मुलाला दोनच वर्षं मिळतं असं सांगितलं गेलंय.

नाही. मुलाचा कलम १२५ (आता १४४) खालचा हक्क स्वतंत्र आहे आणि तो सज्ञान होईपर्यंत चालतो. सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा निकाल आहे.

कोल्हापुरात कुठं जायचं? वकिलाचे पैसे नाहीत.

शहरातल्यांसाठी कौटुंबिक न्यायालय. त्याच्या हद्दीबाहेर असाल तर तुमच्या भागातलं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालय. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं दिलेला हक्क आहे, उपकार नाही. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. वरच्या कोर्टात जायची वेळ आलीच तर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत बसतं. मुंबईच्या एका तारखेसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्र काढलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. ती फरफट आता थांबली.

आम्हाला भांडायचं नाही. यापुढे आपसात नीट ठरवायचं असेल तर कसं?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. जरूर ठरवा, फक्त ते कोर्टापर्यंत न्या.

ठरवताना उत्पन्नाचा ताल धरा. ऊसवाला असेल तर दरमहा थोडी रक्कम आणि बिल जमा झाल्यावर पंधरा दिवसांत मोठा हप्ता, असं लिहिता येतं. "बिल आल्यावर" एवढंच लिहू नका. शेवटची तारीख घाला, बिल येवो न येवो. जुनी थकबाकी किती हे दोघांनी आकड्यात मान्य करा आणि ती चालू हप्त्यापेक्षा वेगळी दाखवा, नाहीतर आलेले दोन हजार कशात धरले यावरून पुन्हा वाद. फी कोण भरणार, ती वजा होणार की वरची, हे एका ओळीत. दरवर्षी किती वाढ, तेही. मूल पहिलीतून पाचवीत जातं तेव्हा वह्यांचाही खर्च बदलतो.

मग ही तडजोड पुरसिस म्हणून चालू प्रकरणात दाखल करा, प्रकरण संपलं असेल तर बदलाच्या अर्जासोबत द्या. लोकअदालतीत ठेवली तर तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. आदेशात नोंद होईपर्यंत जुनीच रक्कम चालू आहे असं धरून वागा.

पहिल्या भेटीला काय आणायचं?

आदेशाची नक्कल. दोघांच्या बँकेचे जमतील ते उतारे. मेसेज असलेला फोन, काही न पुसता. शाळेच्या आणि दवाखान्याच्या पावत्या. त्याच्या कामाच्या ठिकाणाचं नाव, सातबाऱ्याचा उतारा असेल तर तो. एका कागदावर महिनावार तीन रकाने: ठरलेले, आलेले, बाकी. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत आला असाल, तर ती पानं नव्यानं उतरवून काढू नका. दुधाच्या हिशेबासकट, आहेत तशी आणा.